योसेमिटीत तंबू, फराळ आणि अस्वलं

सप्टेंबरअखेरीस बे एरियातली आम्ही तीन मराठी कुटुंबं कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात, योसेमिटी व्हॅलीतल्या अपर पाइन्स कॅम्पग्राउंडला तंबू टाकून राहिलो. त्या दिवसांत योसेमिटी फॉल्स जवळजवळ कोरडा असतो, त्यामुळे धबधब्यांसाठी जाणार असाल तर मे महिना धरा. अस्वलं मात्र याच सुमारास जोरात असतात. थंडीआधी चरबी साठवायची, म्हणून दिवसभर फक्त खाणं.

उद्यानात ३०० ते ५०० काळी अस्वलं आहेत. नाव काळं, पण बरीचशी तपकिरीच दिसतात. आम्हाला दिसलं ते करी व्हिलेजच्या पार्किंगमध्ये. तिथे एकोणिसाव्या शतकातली सफरचंदाची बाग आहे आणि तिच्याच सावलीत गाड्या लावतात!

१९९८ साली इथे अस्वलांच्या उपद्रवाच्या १,५००हून अधिक घटना झाल्या होत्या. काचेची चौकट वाकवून ती गाडीत शिरतात, आणि एका अभ्यासात मिनीव्हॅन त्यांची विशेष आवडती निघाली. मुलांच्या सीटखाली सांडलेला चिवडा आठवा. खाणं ठेवायचे लोखंडी लॉकर आणि कडक नियमांमुळे ते प्रमाण खूप उतरलंय.

म्हणून अंधार पडल्यावर गाडीत खाण्याचं काही ठेवायचं नाही. ‘खाण्याचं’ यात टूथपेस्ट, साबण, बाळाचे वाइप्स, रिकामा कूलर आणि फोडणीचं न घासलेलं पातेलंही येतं. सगळं लॉकरमध्ये, आणि शेजारी बसलेले असलात तरी कडी लावलेली. आमच्या लोणच्याच्या बरण्या, चकल्यांचे डबे यांनी लॉकर गच्च भरला. साइट बुक करतानाच त्याची मापं पाहून कूलर निवडा. रात्री रेंजर बॅटरी घेऊन फेरी मारतात, आणि दंड खरोखर होतो.

डोंगरात मुक्काम असेल तर कडक कॅनिस्टर, म्हणजे अस्वलाला न उघडणारा खाण्याचा डबा, सक्तीचा. तो वाइल्डरनेस सेंटरवर भाड्याने मिळतो. झाडाला पिशवी टांगणं इथे चालत नाही. अस्वलं ती उतरवायला केव्हाच शिकलीत. बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा) घरीच ठेवा, योसेमिटीत त्याला बंदी आहे.

अस्वल कॅम्पमध्ये आलं तर सगळ्यांनी एकत्र उभं राहून मोठ्याने ओरडायचं, पण त्याला निघून जायला वाट ठेवायची. पळायचं नाही. रानात दिसलं तर निदान ५० यार्ड, म्हणजे साधारण ४५ मीटर लांब राहायचं. ही रीत विदर्भातल्या अस्वलाला लावू नका. ते जवळून दचकलं तर थेट अंगावर येतं.

रस्त्याकडेला लाल अस्वलाची पाटी दिसली तर तिथे एखादं अस्वल गाडीखाली आलेलं असतं, तेव्हा वेग मर्यादेतच ठेवा. आणि शक्यतो उजेडात पोहोचा. मुलं, सामान आणि तीन घरचा फराळ अंधारात लॉकरमध्ये लावणं वैतागाचं काम आहे.