तक्रार नसताना करायच्या कर्करोगाच्या तपासण्या

पन्नाशी जवळ आली की ‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिराती पाठ सोडत नाहीत, आणि त्यांत ट्यूमर मार्करच्या, म्हणजे कर्करोगात वाढू शकणारे पदार्थ मोजणाऱ्या, रक्तचाचण्या असल्या म्हणजे कर्करोगाचा बंदोबस्त झाला, असे अनेकांना वाटते. वस्तुतः काहीच त्रास नसलेल्या माणसाने कराव्यात अशा, उपयोग सिद्ध झालेल्या तपासण्या अगदी मोजक्या आहेत. अंडाशय, स्वादुपिंड आणि थायरॉइड यांच्या कर्करोगासाठी तर लक्षणे आणि विशेष जोखीम नसलेल्यांची सरसकट तपासणी करू नये, असाच तज्ज्ञांचा सल्ला आहे. (गाठ लागत असेल, रक्त जात असेल किंवा कारणाशिवाय वजन उतरत असेल, तर वयाचा हिशेब न करता थेट डॉक्टरांकडे जावे.)

या मोजक्या तपासण्यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती मोठ्या आतड्याची, आणि संकोचापायी नेमकी तीच टाळली जाते. या कर्करोगाआधी बहुधा आतड्याच्या अस्तरावर पॉलिप, म्हणजे लहानसा मांसल कोंब, वाढतो आणि त्याचे रूपांतर कर्करोगात व्हायला साधारणपणे दहा वर्षे लागतात. कोलोनोस्कोपीत, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून केलेल्या मोठ्या आतड्याच्या तपासणीत, असा पॉलिप दिसला, तर डॉक्टर दुर्बिणीतूनच तारेचा फास टाकून तो काढतात. म्हणजे रोग नुसता लवकर सापडतो असे नाही, तर अनेकदा तो होण्याआधीच टळतो. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने 2021 मध्ये ही तपासणी सुरू करण्याचे वय 50 वरून 45 वर आणले. ती 75 पर्यंत करावी आणि त्यानंतर 85 पर्यंत प्रकृती व आधीचे अहवाल पाहून ठरवावे, असे हे कार्यदल सांगते. कोलोनोस्कोपी निर्दोष निघाली तर पुढची 10 वर्षांनी. खरा त्रास असतो तो आदल्या दिवशीच्या रेचकाचा; पण आतडे नीट साफ झाले नाही तर लहान पॉलिप नजरेतून सुटतात, म्हणून औषधाचा शेवटचा पेला बेसिनमध्ये ओतून देऊ नये. दुसरा मार्ग म्हणजे डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधणारी शौचाची एफआयटी चाचणी, जिचा नमुना घरीच घेता येतो. मात्र ती दरवर्षी करावी लागते. त्यात रक्त आढळले तर ‘मूळव्याधीचे असेल’ म्हणून तीच चाचणी पुन्हा करण्यात अर्थ नाही. कोलोनोस्कोपी करावीच लागते.

स्त्रियांसाठी 40 ते 74 या वयात दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची एक्स-रे तपासणी, सुचवली जाते. पुन्हा बोलावणे आले की घरात धास्ती पसरते, पण अशा बहुतेक स्त्रियांना पुढच्या तपासणीत कर्करोग नसल्याचेच कळते. गर्भाशयमुखासाठी तिशीनंतर 65 पर्यंत दर 5 वर्षांनी एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) शोधणारी चाचणी किंवा दर 3 वर्षांनी पॅप स्मिअर, म्हणजे तिथल्या पेशींची तपासणी, करता येते. पाळी गेली म्हणून ती बंद करू नये. आधीच्या चाचण्या नियमित आणि निर्दोष असतील, तर 65 नंतर थांबता येते.

फुप्फुसाची तपासणी सर्वांसाठी नाही. वय 50 ते 80, रोज एक पाकीट या हिशेबाने 20 वर्षे भरतील इतके धूम्रपान, आणि ते अजून चालू किंवा सुटून 15 वर्षे व्हायची असणे, अशांनी दरवर्षी कमी मात्रेचा सीटी स्कॅन करावा. छातीचा साधा एक्स-रे त्याची जागा घेऊ शकत नाही.

पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठी केल्या जाणाऱ्या पीएसए या रक्तचाचणीबाबत मी सावध आहे. यातले अनेक कर्करोग इतके संथ असतात की आयुष्यभर त्रास देत नाहीत, आणि उपचारांनी मात्र लघवीवरचा ताबा किंवा लैंगिक क्षमता जाऊ शकते. म्हणून 55 ते 69 या वयात डॉक्टरांशी बोलून निर्णय घ्यावा. सत्तरीनंतर ही चाचणी सुचवली जात नाही.

ही सारी वये सर्वसाधारण जोखमीच्या लोकांसाठी आहेत. आई, वडील किंवा भावंडांपैकी कोणाला साठीच्या आत आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर वयाच्या चाळिसाव्या वर्षी किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी सुरू करावी लागते. त्यामुळे घरच्या वडीलधाऱ्यांकडे चौकशी करताना रोगाच्या नावासोबत तो कोणत्या वयात कळला, हेही विचारून लिहून ठेवावे.