ओसाकाहून नारा : आजी आणि नातवंडांसह एक दिवस

ओसाकाला उतरलेली आपली बहुतेक मंडळी नाराला अर्धा दिवस देतात. हरणं, मोठा बुद्ध, फोटो आणि परत. मला हे अजिबात पटत नाही. भारतीय माणसाने जपानमधलं एकच जुनं शहर निवांत बघायचं ठरवलं, तर मी नाराचं नाव घेईन, आणि तेही सकाळपासून संध्याकाळपर्यंत. आम्ही नोव्हेंबरच्या मध्यात गेलो होतो. सोबत सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आणि शाळेत जाणारी दोन मुलं होती, त्यामुळे खालच्या सूचना गुडघे आणि भूक या दोन्हींचा विचार करून लिहिल्या आहेत.

जायला ओसाकातल्या नांबा स्टेशनहून किंतेत्सु या खाजगी रेल्वे कंपनीची गाडी घ्या. जलद गाडी साधारण चाळीस मिनिटांत पोचवते आणि तिला जादा भाडं नसतं. राखीव आसनांच्या खास गाडीला वेगळं तिकीट लागतं, त्याची गरज नाही. जेआर या दुसऱ्या, देशभर चालणाऱ्या रेल्वेचा पास असला तरी मी किंतेत्सुच घेईन, कारण जेआरचं नारा स्टेशन मंदिरांपासून बरंच लांब पडतं आणि वयस्कर माणसाचे पाय तिथेच दमतात. जाताना डावीकडे बसलात तर इकोमाच्या बोगद्याआधी गाडी डोंगर चढते तेव्हा खाली अख्खं ओसाका पसरलेलं दिसतं. मग सैदाइजी स्टेशन गेलं की सगळ्यांना खिडकीशी बोलवा. गाडी थेट जुन्या राजवाड्याच्या मोकळ्या मैदानातून जाते. डावीकडे दरबाराची इमारत, उजवीकडे लाल खांबांचं सुझाकु द्वार. दोन्ही अलीकडे नव्याने उभारलेली आहेत, पण 710 ते 784 या काळात जपानची राजधानी इथे होती, हे त्या मोकळ्या विस्ताराकडे बघून मुलांना पटकन कळतं.

स्टेशनबाहेर कारंज्यात ग्योकी नावाच्या भिक्षूचा पुतळा आहे. लोक तिथे एकमेकांची वाट बघत उभे असतात. ग्योकीने तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाच्या मूर्तीसाठी गावोगावी फिरून मदत गोळा केली. 736 साली बोधिसेन हा भारतीय भिक्षू समुद्रमार्गे नानिवाला, म्हणजे आजच्या ओसाकाला आला, तेव्हा त्याच्या स्वागताला हाच ग्योकी गेला होता. पुढे 752 मध्ये मूर्तीचे डोळे रंगवून तिची प्रतिष्ठापना करायची वेळ आली, तेव्हा तो मान बोधिसेनाला मिळाला. त्याच्या हातातल्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्यांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे डोळे उघडण्याचं पुण्य सगळ्यांना लाभावं. तो कुंचला आणि ती दोरी आजही शोसोइन या शाही भांडारात जपून ठेवली आहे. ही गोष्ट मुलांना गाडीतच सांगून ठेवा, पुढे मूर्तीसमोर उभं राहताना तिचा फार उपयोग होतो.

तोदाइजी मंदिर नोव्हेंबर ते मार्च आठ वाजता उघडतं, उरलेले महिने साडेसातला. उघडतानाच पोचा, दहानंतर शाळांच्या सहली येतात. स्टेशनपासून चालत वीसेक मिनिटं, रस्ता जवळपास सपाट. आजींसाठी बस घेतली तरी चालेल.

वाटेत हरणं भेटणारच. हजाराहून जास्त आहेत आणि शहरात मोकळी फिरतात. कासुगा देवस्थानाचा देव पांढऱ्या हरणावर बसून आला, म्हणून त्यांना देवाचे दूत मानतात. त्यांना द्यायची बिस्किटं 200 येनला मिळतात. त्याखेरीज काहीही देऊ नये. पिशव्या तर अजिबात उघड्या ठेवू नयेत, प्लास्टिक खाऊन इथली हरणं मेली आहेत. बिस्किटं पटापट द्यावीत, दाखवून ताटकळत ठेवलं की ती चावतात. संपली की दोन्ही तळहात उघडून दाखवायचे, बहुतेक हरणं वळून जातात. आमचा धाकटा वाकून नमस्कार करायचा, हरीणही मान खाली घालायचं, मग पुन्हा हा, असं बराच वेळ चाललं होतं. साडीचा पदर आणि ओढणी खोचून घ्या, लोंबणारं काहीही ती ओढतात. शरदात नर आणि मे ते जुलैमध्ये पाडसांच्या आया बिथरलेल्या असतात, तेव्हा मुलांना जरा लांबच ठेवा.

मंदिराच्या दक्षिण महाद्वारात थांबा. दोन्ही बाजूंना जाळीआड आठ मीटरहून उंच लाकडी द्वारपाल आहेत, 1203 साली कोरलेले. बहुतेक लोक त्यांच्यामधून सरळ निघून जातात, कारण ते समोर नाहीत, बाजूला आहेत. आत मोठ्यांना 800, मुलांना 400 येन. सभागृह 1709 चं. आधीचं याहून दीडपट रुंद होतं, ते युद्धांत दोनदा जळलं. दुसऱ्यांदा, म्हणजे 1567 नंतर, मूर्ती बरीच वर्षं उघड्यावरच होती. वैरोचन बुद्धाची ही बसलेली मूर्ती सुमारे 15 मीटर उंच आहे. डोकं नंतर नव्याने ओतलेलं, पण खालच्या कमळाच्या काही पाकळ्या आठव्या शतकातल्याच आहेत. सभागृहासमोरचा काशाचा अष्टकोनी दीपही तेव्हाचाच. त्याच्या जाळीवर वाद्यं वाजवणारे बोधिसत्त्व आहेत. जवळ जाऊन त्यांच्या बोटांकडे बघा.

सभागृहाच्या दाराबाहेर उजवीकडे लाल टोपी आणि लाल अंगरखा घातलेली एक जुनी लाकडी मूर्ती बसली आहे. हा पिंडोल भारद्वाज, बुद्धाचा शिष्य. आपलं जे दुखतं तो मूर्तीचा अवयव चोळायचा आणि मग आपला, अशी इथली श्रद्धा. लाकडाला खोल भेगा गेल्या आहेत, तरी हात पोचतो तिथे ते गुळगुळीत झालंय. सासूबाईंनी मूर्तीचा गुडघा चोळला, मग स्वतःचा, आणि हात जोडून म्हणाल्या, "अगं, हे तर आपल्याच गोत्राचे." शेजारी एक जपानी आजी कंबर चोळत होत्या. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

तिथून चढावर तोदाइजीचंच निगात्सुदो हे सभागृह आहे. पायऱ्या आहेत, पण दम खात चढता येतं, प्रवेश फुकट आणि सज्जातून सगळं शहर दिसतं. शेजारच्या विश्रांतिगृहात गरम चहा मिळतो, पैसे लागत नाहीत.

जेवणाचं आधीच ठरवा. उदोनच्या, म्हणजे जाड शेवयांच्या, साध्या दिसणाऱ्या रश्श्यातही मासळीचा अर्क असतो, म्हणून शाकाहारी असाल तर डबा न्या. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती हरणांपासून लांब, स्टेशनजवळ येऊन खाल्ली. कचरा बरोबरच परत न्यायचा, कचराकुंड्या फारशा दिसत नाहीत. मासे खाणाऱ्यांनी पर्सिमन या फळझाडाच्या पानात गुंडाळलेली सुशी नक्की घ्यावी. सांजो रस्त्यावर नाकातानिदोच्या दुकानात दोघंजण मोगऱ्यांनी भाताचा हिरवा गोळा भराभर कांडतात. त्या गरम मोचीच्या आत गोड लाल चवळीचं सारण असतं, पुरणाच्या जवळ जाणारं. मुलांनी दुसऱ्यांदा मागितली.

दुपार कोफुकुजी मंदिराच्या राष्ट्रीय ठेवा संग्रहालयासाठी ठेवा. बाहेरचा पाच मजली पॅगोडा दुरुस्तीसाठी झाकलेला आहे आणि तसाच काही वर्षं राहील, म्हणून अनेकजण तिकडे फिरकत नाहीत. फिरका. आत 734 सालचा असुर उभा आहे : तीन तोंडं, सहा हात, उंची दीड मीटरच्या आसपास. लाखेत भिजवलेल्या कापडाचे थर देऊन केलेली पोकळ मूर्ती, त्यामुळे हलकी; आगी लागल्या तेव्हा उचलून बाहेर काढता आली. कोम्यो राणीने आईच्या वर्षश्राद्धाला जे मंदिर बांधलं, त्यातली ही मूर्ती. आपल्या डोक्यातला असुर दात विचकणारा. हा कोवळ्या वयाचा आहे, भुवया किंचित जवळ आलेल्या, रडू आवरल्यासारखा. त्याच्याबरोबर चोचीचा गरुड आहे, गंधर्व आहे. थोरली असुरासमोरून हलेना. आत फोटो काढू देत नाहीत, आणि ते बरंच आहे.

कासुगा देवस्थानाचे सुमारे तीन हजार दिवे आम्ही सोडले. चालणं फार होतं, आणि नोव्हेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. तरुण मंडळींनी निगात्सुदोहून डोंगराच्या कडेने तिकडे जावं. होर्यूजी मंदिर मात्र त्याच दिवशी जोडू नका; जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती तिथे आहेत खऱ्या, पण ते दुसऱ्या दिशेला आहे आणि जेआरनेच सोयीचं पडतं. त्यासाठी वेगळी सकाळ काढा.