लग्नात उरलेलं जेवण संस्थेला देताना: माझा अनुभव

कार्यालय ठरवताना, आगाऊ रक्कम देण्याआधीच व्यवस्थापकांना विचारा, "उरलेलं अन्न बाहेर नेऊ द्याल ना?" उत्तर हो असेल तर करारपत्रावर लिहून घ्या. भाचीच्या लग्नात आम्हाला जो मनस्ताप झाला, तो दुसऱ्या कुणाला होऊ नये.

संस्था शोधणं, आचाऱ्यांशी बोलणं, सगळं सुरळीत पार पडलं. शेवटची पंगत उठली तेव्हा मसालेभात, वरण, बटाट्याची भाजी, जिलबी भरपूर शिल्लक होतं. पानातलं नव्हे, टोपातलं स्वच्छ अन्न. संस्थेची मुलं टेम्पो घेऊन आली आणि व्यवस्थापकांनी फाटकच उघडू दिलं नाही.

"बाहेर कुणाला बाधलं तर नाव आमचं खराब होईल." सगळं वऱ्हाड त्याच टोपातलं जेवलंय, हे सांगून पाहिलं. मालकांना विचारा म्हणाले. मालक फोन उचलेनात. मग लेखी अर्ज द्या. अर्ज दिला, तर त्यावर वरपक्षाचीही सही हवी! तिकडे पाठवणीची गडबड, भाची रडतेय आणि मी व्याह्यांना कागद दाखवत फिरतोय. इकडे घड्याळ पुढे सरकत होतं. शिजवलेलं अन्न 60 अंशांच्या वर गरम राहिलं तर ठीक, एरवी बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. व्यवस्थापकांची भीती मला कळत होती, विषबाधा ही गंभीरच गोष्ट. पण तेच अन्न कचऱ्याच्या गाडीत ओतायला कुणाचीही सही लागली नसती, याचा संताप अजून जात नाही.

शेवटी संस्थेच्या ताई फाइल घेऊन पुढे झाल्या. अशा अन्नाच्या वाटपासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे 2019 चे नियम आहेत, ते त्यांनी दाखवले. संस्थेच्या नोंदणीची प्रत दिली, डब्यांवर पदार्थाचं नाव, तारीख, आमचं नाव-पत्ता लिहिलेल्या चिठ्ठ्या लावल्या आणि 'अन्न तपासून ताब्यात घेतलं' अशी सही-शिक्क्याची पावती फाडली. ती हातात पडल्यावर फाटक उघडलं. म्हणून सांगतो, नोंदणी असलेलीच संस्था बघा.

आचाऱ्यांचे उपकार विसरणार नाही. कुणी न सांगता त्यांनी भात, वरण, भाजी मंद आचेवर ठेवली होती. मठ्ठा मात्र संस्थेने घेतला नाही, ते योग्यच केलं. रात्री ताईंचा फोन आला, बांधकाम मजुरांच्या वस्तीवर सगळी जेवली. माझा सगळा शीण उतरला.

डबे संस्थेलाच आणायला सांगा, केटरर आपली भांडी बाहेर सोडत नाहीत. आणि फोन शेवटची पंगत बसतानाच करा, उठल्यावर नको. भाज्यांची सालं-देठं सकाळपासून वेगळ्या पोत्यात टाकायला सांगितली होती. ती सोसायटीच्या खतखड्ड्यात गेली, वर वाळक्या पानांचा जाड थर. पानांतलं तेलकट उष्टं त्यात घालू नका, वास सुटतो आणि उंदीर येतात.