डेंटन ते ऑशकॉश: आरव्ही-१०, तिची दारं आणि बाबांची डबल बेल

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मी, बायको आणि बाबा, असे तिघं घरी बांधलेल्या आमच्या आरव्ही-१० विमानातून टेक्सासमधल्या डेंटनहून विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला जाऊन आलो. अंतर सरळ रेषेत साधारण ७६० नॉटिकल मैल. जवळपास अर्ध्या वाटेवर, मिसुरीत जेफरसन सिटीला, इंधनासाठी थांबलो. ऑशकॉशला भरणाऱ्या एअरव्हेंचर या विमानांच्या मेळ्याला कसं जायचं, कुठे उतरायचं, हे विचारणारे मराठी मित्र आता बरेच आहेत, तेव्हा ते सगळं खाली लिहितोच. पण आधी दारांबद्दल. जेफरसन सिटीला जे झालं ते अजून डोक्यातून गेलेलं नाही.

आरव्ही-१० हे व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीचं, सुट्या भागांतून स्वतः बांधायचं चार जणांचं किट. ऑरेगनमधल्या ऑरोराहून खोकी येतात आणि पुढची काही वर्षं गॅरेजात जातात. माझी सहा गेली. विमान ॲल्युमिनियमचं, पण केबिनचं छत आणि दोन्ही बाजूंची दारं फायबरग्लासची. बिजागऱ्या वर छताला, त्यामुळे दार पंखासारखं वर उघडतं. दाराच्या पोटात दाते असलेल्या दोन पट्ट्या आणि मध्ये एक गिअर असतो. मूठ फिरवली की एक पिन पुढे आणि एक मागे सरकते आणि दोन्ही चौकटीतल्या भोकांत शिरतात.

अडचण अशी की दार मोठं आहे आणि थोडं लवचीक आहे. पुढची पिन भोकात बसलेली असते, पण मागची कड बोटभर बाहेर राहिलेली असते, आणि तरीही मूठ पूर्ण फिरते. मागची पिन भोकात न जाता चौकटीच्या बाहेरच्या अंगानं सरकते. आत बसलेल्याला मूठ जागेवर दिसते, म्हणजे दार लागलं असंच वाटतं.

गाडीसारखं पुढे बिजागरी असलेलं दार उडताना सुटलं तर समोरचा वाराच ते दाबून धरतो. चार बोटं उघडं राहतं, भयंकर आवाज होतो, पण विमान उडत राहतं. वर बिजागरी असलेल्या दाराचं तसं नाही. केबिनच्या फुगीर छतावरून हवा वेगानं जाते तेव्हा बाहेरचा दाब कमी होतो आणि दार आधीच बाहेर ओढलं जात असतं. खालची कड एकदा बाहेर आली की वारा तिच्याखाली शिरतो आणि दार उचकटून नेतो. मागे शेपूट असते. आरव्ही-१० ची दारं अशी हवेत गेल्याच्या घटना घडल्या आहेत, काहींत शेपटीलाही मार बसला आहे. त्यानंतर कंपनीनं दुय्यम सेफ्टी लॅच, म्हणजे दाराला आणखी एक कडी, बसवायला सांगणारं सर्व्हिस बुलेटिन काढलं. प्रायोगिक वर्गातल्या, म्हणजे आमच्यासारख्या घरी बांधलेल्या, विमानात असं बुलेटिन पाळायचं की नाही हे शेवटी मालकच ठरवतो. माझं मत स्पष्ट आहे: तो लॅच न बसवलेल्या आरव्ही-१० मध्ये मी माझ्या माणसांना बसवणार नाही.

आता जेफरसन सिटी. दुपारचा दीड, धावपट्टीवरून वाफा निघत होत्या. इंधन भरलं, पाणी प्यालो, इंजिन सुरू केलं आणि उकाड्यामुळे दारं किलकिली ठेवूनच टॅक्सी करत, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत, निघालो. उजवं दार बायकोनं हातानं धरलं होतं. असं करणारे खूप आहेत, मीही कित्येकदा केलंय. रन-अपच्या, म्हणजे उड्डाणाआधी इंजिन तपासायच्या, जागी पोचल्यावर तिनं दार ओढलं, मूठ फिरवली, मूठ गपकन जागेवर बसली. पॅनेलवर तीन दिवे विझले. चौथा, मागच्या उजव्या पिनचा, लालच राहिला.

पिनच्या टोकात चुंबक असतो आणि चौकटीत सेन्सर. पिन भोकात आली की दिवा विझतो. हाच दिवा आदल्या दिवशी दोनदा उगाच लुकलुकला होता. म्हणून मी म्हणालो, "सेन्सर असेल." हे वाक्य मी तोंडानं उच्चारलं, आणि हात थ्रॉटलकडे गेला होता.

मागून बाबा म्हणाले, "अरे थांब. दार लागलेलं नाही. माझ्या कोपराला वारा लागतोय."

मी मिक्स्चरची मूठ ओढून, म्हणजे इंधन तोडून, इंजिन बंद केलं. बाबांच्या कॅमेऱ्याच्या पिशवीचा पट्टा दार आणि चौकट यांच्यामध्ये अडकला होता. त्यानं मागची कड बाहेर ढकलली होती आणि पिन चौकटीच्या बाहेर होती. दुय्यम लॅच टोकावर कसाबसा अडकला होता. त्यानं कदाचित दार धरलंही असतं. पण ते कळायची जागा जमिनीपासून पाचशे फुटांवर असती.

बाबांनी सांगली डेपोत एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. (कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव त्यांना पेपरातून माहीत होते, त्यामुळे मुलाच्या गॅरेजातल्या विमानाचं त्यांना फारसं नवल वाटलं नाही.) पॅनेलवर नियमाप्रमाणे लावलेली पाटी, हे विमान हौशी माणसानं बांधलेलं आहे आणि नेहमीच्या विमानांच्या सुरक्षा नियमांत बसत नाही असं सांगणारी, मी त्यांना मराठीत वाचून दाखवली होती. त्यावर काही न बोलता ते बसले होते. इथे मात्र बोलले. "दार ओढायचं, कडी लावायची आणि मग हातानं बाहेर ढकलून बघायचं. ढकलल्यावर हाललं नाही तरच डबल बेल. नुसतं बघून बेल द्यायची नाही."

तेव्हापासून आमची पद्धत तीच, आणि तुम्हीही ती घ्या असं मी आग्रहानं सांगतो. दारं इंजिन सुरू करण्याआधी लावायची. प्रॉपेलरचा वारा दाराखाली शिरत असताना, घामेजल्या हातानं, टॉवरचं ऐकत ऐकत ते काम करायचं नाही. उकाडा सोसायचा, ओला पंचा मानेवर ठेवायचा. पट्टे, ओढण्या, चार्जरच्या वायरी आधी मांडीवर घ्यायच्या. मग मूठ फिरवायची आणि चारही पिनांना एकेक करून बोट लावायचं. माझ्या विमानात मागच्या भोकाची आतली बाजू मी अस्तरानं झाकलेली नाही, त्यामुळे पिनचं टोक मागच्या सीटवरून हाताला लागतं. मागे बसलेला मोठ्यानं सांगतो, "उजवी मागची आत." शेवटी तळहातानं दाराची मागची खालची कड बाहेर ढकलायची. हे सगळं झालं की बाबा हेडसेटमध्ये "डबल बेल" म्हणतात, आणि त्याशिवाय मी चावीला हात लावत नाही. लाल दिवा असेल तर उड्डाण नाही. सेन्सर खरंच बिघडला असला तरी नाही, कारण ज्या दिव्यावर विश्वास नाही तो नसल्यातच जमा.

किट अजून बांधत असाल तर दोन गोष्टी सांगतो. दार चौकटीत बसवताना घासायला घाई करू नका. मी डाव्या दारावर तीन शनिवार घालवले आणि उजवं एका रविवारी उरकलं. आज डावं दार दोन बोटांनी लागतं आणि उजवं ओढावं लागतं. ज्या दाराला ओढावं लागतं तेच एक दिवस अर्धवट लागतं. दुसरं, रबरी सील आधी बसवा आणि मग पिनांची लांबी पक्की करा. नंतर जाड सील लावलं की मागची कड पुन्हा बाहेर येते.

आणि समजा हवेत दार सुटलंच, तर हात बाहेर काढून पकडायला जाऊ नका, उजवीकडच्यालाही जाऊ देऊ नका. पट्टे घट्ट करा, विमान सांभाळा, वेग वाढू देऊ नका, शेपटी नीट प्रतिसाद देते का ते हलक्या हातानं बघा आणि मोठं वळण घेऊन उतरा.

मार्गाबद्दल थोडक्यात. जेफरसन सिटीहून आम्ही शिकागोची गर्दी उजवीकडे ठेवून डब्यूकच्या बाजूनं मिसिसिपी ओलांडली. मेळ्याच्या दिवसांत ऑशकॉशला येणाऱ्या विमानांसाठी एफएएची, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याची, वेगळी सूचनापत्रिका निघते. ती दरवर्षी नव्यानं वाचा, मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका. ऑशकॉशजवळच्या रिपन गावापासून रेल्वेचे रूळ धरून फिस्क गावाकडे जायचं, पुढच्या विमानामागे अर्धा मैल, ९० नॉट, १८०० फूट. रेडिओवर बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं. फिस्कला खालून कंट्रोलर तुमच्या विमानाचा रंग सांगून पंख हलवायला सांगतो. मग धावपट्टीवरच्या रंगीत ठिपक्यांपैकी एक मिळतो आणि तिथेच चाकं टेकवायची. आम्हाला हिरवा मिळाला.

उतरल्यावर लगेच गवतात वळवतात. घरी बांधलेल्या विमानांच्या तळावर राहायचं असेल तर 'एचबीसी' (होमबिल्ट कॅम्पिंग) लिहिलेला कागद काचेवर मोठ्या अक्षरात हवा. इथे पुन्हा दार उघडायचा मोह होतो. उघडू नका. गवतातल्या खड्ड्यांत अर्धवट उघडं दार हिसके खातं आणि प्रॉपेलरच्या आसपास झेंडेवाले स्वयंसेवक उभे असतात. इंजिन बंद, प्रॉपेलर थांबलेला, मगच मूठ फिरवा.

विमान जमिनीला बांधून ठेवायचे खुंटे आणि दोर स्वतःचे न्या. आम्हाला दुसऱ्या रात्री वादळ लागलं. दारं वर ठेवून विमानाखाली गप्पा मारत बसायला छान वाटतं, पण दार वर धरून ठेवणाऱ्या गॅसच्या दांड्या जोराच्या वाऱ्याला पुरत नाहीत आणि बिजागरी फायबरग्लासमध्ये बसवलेली आहे. ढग आले की दारं खाली. पाऊस थांबल्यावर दार उघडताना छतावरचं पाणी थेट सीटवर येतं, तेव्हा आधी छत पुसून घ्या.

परतीला बाबाच उजवीकडे बसले. घरी आल्यावर उजवं दार मी पुन्हा उतरवलं, आणि या वेळी तीन शनिवार दिले. चौकटीच्या बाहेरच्या कडेवर पिननं रंग खरवडून ओढलेली बोटभर रेघ आहे. सगळं घासून रंगवलं, ती तेवढी ठेवली.