ग्रेनाशच्या रंगावर जाऊ नका

ग्रेनाश, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची रेड वाइन, ग्लासात ओतली की कोणीतरी म्हणतंच, "ही तर पाणचट दिसतेय", आणि मला दरवेळी वाईट वाटतं. अहो, या द्राक्षाची सालच पातळ असते, त्यामुळे रंग कमी, टॅनिन (तोंड कोरडं करणारा तुरटपणा) कमी, पण पिकायला ते इतकं ऊन आणि इतका वेळ घेतं की तोवर साखर चढून अल्कोहोल सहज 14-15 टक्क्यांवर जातं. म्हणजे दिसायला फिकट आणि तोंडात घेतली की स्ट्रॉबेरी, रास्पबेरी, पांढरी मिरी, उन्हात वाळलेल्या रानझुडपांसारखा वास आणि मागून येणारी ऊब.

द्राक्ष मूळचं बहुतेक स्पेनच्या आरागॉन भागातलं, तिकडे त्याला गार्नाचा म्हणतात आणि इटलीच्या सार्डिनिया बेटावर कानोनाऊ. वेलीचं खोड दणकट, त्यामुळे तारांचा आधार न देता झुडपासारखी वाढवतात आणि फ्रान्सच्या दक्षिण ऱ्होन भागातल्या जोरदार मिस्ट्राल वाऱ्यातही ती तग धरते. फक्त फुलोऱ्यात हवा बिघडली की फूल गळतं. आणि सुपीक जमीन, भरपूर पाणी मिळालं की घड लागतात ढीगभर पण वाइन एकदम बेचव होते, ग्रेनाशचं नाव बदनाम झालंय ते यामुळेच.

जिथे वेलीचे हाल होतात तिथे मात्र बघा. त्याच दक्षिण ऱ्होनमधल्या शातोनफ द्यु पापमध्ये नदीचे गोल गोटे दिवसभर तापतात आणि रात्री वेलींना ऊब देत राहतात, तिथे द्राक्षाच्या 13 जाती वापरायची परवानगी आहे पण खरा भार ग्रेनाशवरच असतो. त्याच गावात शातो रायास या वाइनरीची बाग मात्र वाळूत आहे आणि तिथली वाइन इतकी नाजूक की गोट्यांवरची आणि ही एकाच द्राक्षाची यावर विश्वास बसत नाही. स्पेनच्या प्रियोरातमध्ये काळसर स्लेटचे उतार, उत्पन्न अगदी थोडं, वाइन गडद आणि जड. मला स्वतःला माद्रिदच्या पश्चिमेची ग्रेदोसची जास्त आवडते, ग्रॅनाइटची जमीन, हजार मीटरच्या आसपास उंची, त्यामुळे ग्रेनाशमध्ये एरवी कमी पडणारा आंबटपणा तिथे टिकतो.

ऑस्ट्रेलियाचं ऐकून तर जीव कळवळतो. 1980 च्या दशकात साउथ ऑस्ट्रेलियात सरकारने पैसे देऊन जुन्या बागा उपटायला लावल्या, त्यात कितीतरी जुनी ग्रेनाश गेली. तरी तिथल्याच बरोसा भागात 1848 साली लावलेल्या वेली अजून फळतायत, आणि शेजारच्या मॅक्लारेन व्हेल भागात आता शिराझ, मूर्वेद्र या दुसऱ्या द्राक्षांमध्ये मिसळण्याऐवजी नुसती ग्रेनाश काढणारे वाढलेत.

प्यायच्या आधी जरा गार करा, 15-16 डिग्री पुरे. जास्त गरम असली की अल्कोहोलच नाकात जातं आणि ती स्ट्रॉबेरी सापडतच नाही.