सोलापूरहून तिआल्फला: दिवाळीच्या सुट्टीत बर्फाच्या ट्रॅकवर

माझी लेक सोलापुरात इनलाइन स्केटिंग करते, म्हणजे एका ओळीत चाकं असलेल्या स्केट्सवर. पहाटे साडेपाचला सिमेंटच्या रिंकवर, ऊन चढायच्या आत. मे महिन्यात पारा 44 च्या पुढे गेला की सात वाजताच घरी परतावं लागतं. तिला एकदा बर्फावर उतरायचं होतं. दोन वर्षं पैसे साठवले आणि दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी नेदरलँड्सला जाऊन आलो. आपली दिवाळीची सुट्टी यासाठी अगदी जमून येते, कारण तिथला हंगाम ऑक्टोबर ते मार्च असतो.

या छोट्याशा देशात 400 मीटरचे कृत्रिम बर्फाचे ट्रॅक गावोगावी आहेत. अॅमस्टरडॅमचा याप एडन सगळ्यांत जुना, 1961 चा, अजूनही उघड्या आभाळाखाली. छताखालचे म्हणाल तर द हेगला, ग्रोनिंगनला, एन्स्खेडेला, लेवार्डनला. आणि हेरेनफेनचं तिआल्फ. ते 1967 ला सुरू झालं, 1986 ला त्यावर छप्पर चढलं. मी सांगेन, सगळे पाहायच्या फंदात पडू नका. लेवार्डनला मुक्काम करा. तिथला एल्फस्टेडनहाल 2015 चा, नवा आणि ऐसपैस, आणि हेरेनफेन तिथून रेल्वेने जवळच. अकरा गावांना जोडणारी, जवळजवळ 200 किलोमीटरची प्रसिद्ध स्केटिंग शर्यत लेवार्डनहूनच निघते. कालवे पुरेसे गोठले तरच ती होते, आणि शेवटची झाली 4 जानेवारी 1997 ला. तिथली माणसं अजून दर हिवाळ्यात तिची वाट बघतात.

एका हॉलमध्ये आम्ही तास वाया घालवला. सकाळी दहाला पोचलो तर क्लबचा सराव चालू, बाहेरच्यांना प्रवेश नाही. लेक काचेला नाक लावून उभी राहिली, मला फार वाईट वाटलं. म्हणून आदल्या रात्री वेळापत्रक नक्की बघा. ‘रेक्रेआतीफ’ लिहिलेले तास सर्वांसाठी असतात.

आणि त्या तासांत जगज्जेते जिथे धावतात त्याच बर्फावर कुणीही उतरू शकतं. मला सगळ्यांत जास्त भिडलं ते हेच. हात पाठीशी बांधून सत्तरीतल्या आज्या शांतपणे फेऱ्या मारत होत्या, शेजारून शाळकरी पोरं सुसाट जात होती.

भाड्याने स्केट्स घेताना ‘नोरेन’ मागा, म्हणजे लांब पात्याचे. नुसतं स्केट्स म्हटलं तर आइस हॉकीचे हातात येऊ शकतात. हातमोजे बऱ्याच ठिकाणी सक्तीचे आहेत. पडल्यावर बोटं बर्फावर टेकतात आणि मागून येणाऱ्याचं पातं सुरीसारखं असतं, त्यामुळे सक्ती नसली तरी घालाच. फेऱ्या घड्याळाच्या उलट दिशेने, आपल्या रिंकसारख्याच. आतली बाजू वेगवाल्यांना सोडा. इनलाइनवाल्यांना तोल पटकन सापडतो, पण थांबणं सापडत नाही. पहिली पाच मिनिटं फक्त थांबायचा सराव करा.

तिआल्फमध्ये बर्फ सारखा करणारं यंत्र फिरून गेलं. मागे गरम पाण्याचा पातळ थर सोडत जातं, तो गोठला की ट्रॅक नुकत्या पुसलेल्या फरशीसारखा चकाकतो. मग एक संघ रांगेने आला, सगळ्यांच्या पायांत क्लॅप स्केट. यात पातं फक्त पुढच्या बाजूला बिजागरीवर असतं. टाच उचलली तरी पातं बर्फावरच राहतं, जोर शेवटपर्यंत लागतो, आणि मग ते खटकन बुटाला येऊन बसतं. सात-आठ जणांचं खटक-खटक-खटक. लेक म्हणाली, “आई, आपल्या गल्लीतले माग!” खरंच, डोळे मिटले तर सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांशेजारी उभं असल्यासारखं वाटत होतं. अंगावर काटा आला.

आता बाकीचं. शेंगेन व्हिसाला निदान 30,000 युरोचा प्रवास विमा लागतो. अर्ज दोन महिने आधी करा. रेल्वेत तुमचं संपर्करहित बँक कार्डच तिकीट म्हणून चालतं. चढायच्या आधी आणि उतरल्यावर, दोन्ही स्टेशनांवरच्या यंत्राला ते टेकवा, उतरल्यावर विसरलात तर जास्त पैसे कापले जातात. एका कार्डावर एकच माणूस, दोघींना दोन कार्डं. शेंगा चटणी आणि कडक भाकरी बिनधास्त न्या, आम्ही दहा दिवस त्यावर काढले. तूप, पेढे मात्र घरीच ठेवा, दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत.

लेकीने तिथून जुने नोरेन विकत घेतले. तुम्ही घेतलेत तर ते चेक-इन सामानात टाका, पात्यांवर कव्हर घालून. बर्फावरून उतरलं की पातं लगेच कोरडं करायचं, नाहीतर रात्रीत गंज धरतो. त्यासाठी आपला सोलापुरी टॉवेल घरूनच न्या. आमचा एक तिकडच्या आजींनी हातात घेऊन बघितला, पुन्हा पुन्हा चाचपला. आम्ही तो त्यांनाच देऊन आलो.