लाल गोळा, निळा गोळा

सायन्स फिक्शनमध्ये खोटं पकडणारं मशीन आणलं की लेखकाची पंचाईतच होते, कारण मग उलटतपासणी कशाला हवी, डिटेक्टिव्ह कशाला हवा, आरोपीला खुर्चीत बसवा, प्रश्न विचारा आणि घरी जा. गोष्टच संपली. म्हणून बहुतेक लेखक मग शेवटी मशीन बिघडवतात किंवा व्हिलन ते हॅक करतो, आणि मला ते जाम बोअर होतं.

एच. बीम पायपरने असलं काही केलं नाही. हा अमेरिकन माणूस, पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या अल्टूना यार्डात नोकरी करत लिहायचा, १९६४ मध्ये गेला. त्याच्या 'लिटल फझी' या १९६२ च्या कादंबरीत कोर्टात व्हेरिडिकेटर नावाचं यंत्र असतं. साक्षीदाराने खुर्चीत बसायचं, डोक्यावर हेल्मेट, आणि वर एक गोळा. खरं बोललास तर गोळा निळा, आणि मनात खरं काय ते माहीत असून ते दाबून दुसरंच बोललास की लाल. सगळ्या कोर्टासमोर! मॅलिन नावाचा मानसशास्त्रज्ञ त्यात बसतो आणि गोळा लाल व्हायला लागतो, तो सीन वाचताना त्या माणसाची दयाच येते राव.

पण मुद्दा त्या "माहीत असून" मध्ये आहे. आपला खराखुरा पॉलिग्राफ काय मोजतो, तर श्वास, नाडी, ब्लड प्रेशर, घाम. म्हणजे घाबरलेला खरा माणूस पकडला जातो आणि निर्ढावलेला आरामात सुटतो. सीआयएचा आल्ड्रिच एम्स रशियाला माहिती विकत होता आणि १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही वेळेला टेस्ट पास झाला! पायपरचं मशीन भीतीच्या भानगडीत पडतच नाही, ते फक्त एवढंच सांगतं की हा जे बोलतोय ते याला स्वतःला पटतंय की नाही. जे पटतंय ते खरं आहे की नाही हे मशीनला माहीत नसतं, आणि लेखकाने ही जागा बरोबर मोकळी ठेवलीय.

कारण कथेतला प्रश्नच तसा आहे. झरथुस्त्र नावाच्या ग्रहावर छोटे केसाळ प्राणी सापडतात, फझी. तो ग्रह ज्या कंपनीच्या ताब्यात आहे तिचा एक माणूस त्यातल्या एकीला लाथांनी मारून टाकतो आणि त्याच मारामारीत जॅक होलोवे नावाचा म्हातारा प्रॉस्पेक्टर, म्हणजे खनिजं शोधत फिरणारा माणूस, कंपनीच्या गार्डला गोळी घालून मारतो. आता फझी जर बुद्धिमान जीव असतील तर पहिला माणूस खुनी, आणि वर कंपनीचा चार्टर, म्हणजे ग्रहावरच्या हक्काची सनद, रद्द, कारण तो तिथे मूळचे बुद्धिमान जीव नाहीत असं धरून दिलेला. फझी नुसते प्राणीच असतील तर मात्र होलोवे अडकला. साक्षीदाराला खुर्चीत बसवून "फझी बुद्धिमान आहेत का" विचारलं तर गोळा कुठला रंग दाखवणार? ज्याला जे वाटतं त्यावर तो निळाच.

यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे फझी बोलत असतात पण अल्ट्रासॉनिकमध्ये, माणसाला नुसतं "यीक" ऐकू येतं. म्हणजे होलोवेने सुरुवातीला त्या खुर्चीत बसून शपथेवर सांगितलं असतं की यांना भाषा नाही, तर गोळा स्वच्छ निळा राहिला असता, आणि उत्तर साफ चुकीचं. (कादंबरीत असा सीन नाहीये, हे माझं डोकं.) तिथे मशीन उपयोगाचं नाही, ज्याने तो आवाज रेकॉर्ड करून बघितला तो माणूस उपयोगाचा.

आपल्याकडे हे गोंधळ प्रत्यक्षात झालेत. २००८ मध्ये पुण्याच्या सेशन्स कोर्टाने एका खुनाच्या केसमध्ये जन्मठेप देताना मेंदूच्या टेस्टचाही आधार घेतला होता, जगभर बातम्या झाल्या होत्या. त्यात आरोपी गप्प बसतो, डोक्यावर इलेक्ट्रोडवाली टोपी, त्याला वाक्यं ऐकवतात आणि मशीन म्हणे सांगतं की हे त्याने अनुभवलंय का नुसतं माहीत आहे. पायपरचा लाल गोळा निदान माणसाने तोंड उघडल्यावर तरी पेटायचा! मग २०१० मध्ये सेल्वी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग यातलं काहीही संमतीशिवाय करायचं नाही, आणि संमतीने केलं तरी टेस्टचा रिझल्ट हा स्वतः पुरावा नाही, त्यातून पुढे काही सापडलं तर ते वेगळं. तरी टीव्हीवर प्रत्येक मोठ्या केसला "नार्को करा" चालूच असतं.

आणि पायपरने स्वतःच याच्यावर कडी केलीय. 'फझीज अँड अदर पीपल' हे तिसरं पुस्तक, याचं हस्तलिखित तो गेल्यानंतर कित्येक वर्षांनी सापडलं आणि १९८४ मध्ये छापलं. त्यात फझींना साक्ष द्यायचीय, पण कोर्ट म्हणतं की हे यंत्र फझींवर चालतं हे आधी सिद्ध करा, म्हणजे एकातरी फझीने खोटं बोलून गोळा लाल करून दाखवा. आणि फझी खोटं बोलतच नाहीत! त्यांना ती कल्पनाच कळत नाही. मग शहाणी मोठी माणसं बसून त्या बिचाऱ्यांना खोटं बोलायला शिकवायच्या मागे लागतात, कशासाठी, तर त्यांचं खरं बोलणं कोर्टात ग्राह्य धरलं जावं म्हणून. मी हे वाचून रात्री एकटाच खोखो हसत होतो.

शेवट सांगत नाही, स्पॉइलर होईल. 'लिटल फझी' प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतं, छोटंसंच आहे, एका वीकेंडला होऊन जाईल. सुरुवातीला खाणकामाचं थोडं जास्त आहे ते भराभर वाचा, कोर्ट सुरू झालं की मात्र खाली ठेववत नाही.